इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: घरच्यांनी काय करायचं, काय नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं मेकॅनिक्स, म्हणजे बल आणि गतीचं शास्त्र, शिकवलं. त्यामुळे माझी मुलगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? रोज रात्री नऊला फोन. आज काय शिकवलं, गणितं सोडवलीस का, पुढची टेस्ट कधी. ती रोज म्हणायची, "हो बाबा, चालू आहे." गणिताच्या पहिल्या टेस्टमध्ये तिला २० पैकी ४ गुण पडले होते हे मला पाच आठवड्यांनी कळलं, तेही दुसरी टेस्ट तशीच गेल्यावर. तोवर वर्ग डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये बराच पुढे गेला होता आणि हिचं घोडं इंटिग्रेशनपाशीच अडलेलं.

ते पाच आठवडे वाया गेले त्यात तिची चूक थोडी, माझ्या नऊच्या फोनची जास्त. रोजची हजेरी घेणाऱ्या माणसाला कुणी आपण नापास झाल्याचं सांगत नाही. तेव्हापासून पालकांनी सल्ला विचारला की मी एकच सांगतो: वाईट बातमी घरी लवकर पोचेल अशी सोय करा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच सोयीच्या आहेत.

पायरी १: पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः वाचा

प्रवेश नक्की झाला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि निवांत वाचा. कळला नाही तरी हरकत नाही. एक गोष्ट मात्र लगेच डोळ्यांत भरेल: यात 'इंजिनिअरिंग' म्हणावं असं फारच थोडं आहे. रोबो बनवायच्या उमेदीने गेलेला मुलगा वर्षभर मॅट्रिक्स आणि व्हेक्टर सोडवतो. कॉम्प्युटरला गेलेल्या मुलीच्या पुढ्यात इलेक्ट्रिकल सर्किट्स आणि ड्रॉइंग येतं. दोन-तीन महिन्यांनी "याचा काय उपयोग?" ही तक्रार घरी येतेच. ती आळसातून आलेली नसते. मुलाला खरोखरच उपयोग दिसत नसतो.

उपयोग असतो, पण तो दोन सत्रांनी दिसतो. हे विषय साखळीसारखे एकमेकांत अडकलेले आहेत. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पक्कं नसेल तर डिफरन्शियल इक्वेशन्स जमत नाहीत, आणि ती जमली नाहीत तर सर्किट्स, कंपनं, उष्णतेचं वहन हे सगळं पाठांतर होऊन बसतं. व्हेक्टरशिवाय स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा हिशेब) नाही, स्टॅटिक्सशिवाय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (कुठला पदार्थ किती भार पेलतो) नाही. वजा एकचं वर्गमूळ घेऊन चाललेला खेळ म्हणून मुलं कॉम्प्लेक्स नंबर्सना हसतात. त्याच संख्या वापरून चार्ल्स स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्याने १८९३ मध्ये एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेच्या, सर्किटची किचकट गणितं साध्या बीजगणितात आणून दाखवली, आणि आजही ती तशीच शिकवतात. इतिहासात एक धडा ऑप्शनला टाकला तर पुढचा वाचता येतो. इथे तीन आठवडे मागे पडलेल्या मुलाला चौथ्या आठवड्याचं लेक्चर परक्या भाषेतलं वाटतं. बातमी लवकर यायला हवी ती यासाठी.

आता वेळेचा हिशेब. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि वर्षाला ६० क्रेडिट्स असतात. म्हणजे एका सत्राचे ७५० ते ९०० तास. परीक्षा धरून २० आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास होतात. तुमच्या विद्यापीठाचं मोजमाप वेगळं असेल, पण अंदाज इतपतच निघतो: ही पूर्णवेळ नोकरी आहे आणि तिचा मोठा भाग वर्गाबाहेर होतो. हा आकडा मुलाला भीती घालायला वापरू नका. तो तुमच्यासाठी आहे, म्हणजे दर शनिवार-रविवारी घरच्या समारंभाला बोलावताना हात जरा आखडता घ्याल.

पायरी २: जाण्याआधी एक बैठक

बॅगा भरायच्या धांदलीत नको, त्याआधी आठवडाभर. तासभर पुरतो. तीन विषय.

पैसे: महिन्याला किती, कशातून काय भागवायचं, संपले तर काय. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे लवकर आटपतं.

फोन: कोण करणार, कधी. माझं मत, फोन मुलाने करावा, आठवड्यातून दोन-तीनदा, त्याच्या सोयीने. तुम्ही मधे मेसेज पाठवा, पण त्याला उत्तर आलंच पाहिजे अशी अट नको.

तिसरा विषय सगळ्यांत महत्त्वाचा आणि बहुतेक घरांत तो टाळला जातो: नापास झालो तर? तो तुम्हीच काढा. शब्दही जवळजवळ असेच असू द्या: "एखादी टेस्ट वाईट जाईल, कदाचित विषयही राहील. तसं झालं तर त्याच दिवशी सांग. त्या दिवशी आम्ही फक्त ऐकू. काय करायचं ते दुसऱ्या दिवशी बोलू." हे शुभ बोलणं नाही असं कुणा ज्येष्ठाला वाटेल. वाटू द्या. मात्र वेळ आल्यावर शब्द पाळा. पहिल्याच वेळी "मी सांगत होतो ना" तोंडातून निसटलं तर पुढची बातमी तुम्हाला निकालपत्रातूनच कळेल.

याच बैठकीत एक कागदी कामही उरकून घ्या. पुष्कळ देशांत सज्ञान विद्यार्थ्याचे गुण, हजेरी किंवा आजारपण याविषयी विद्यापीठ पालकांना परस्पर काही सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. आणीबाणीत कुणाला कळवायचं आणि कुठली माहिती घरी द्यायला परवानगी आहे, हे मुलाने स्वतःच्या सहीने नोंदवायचं असतं. किती माहिती उघडी ठेवायची हे त्यालाच ठरवू द्या. निदान आणीबाणीचा नंबर नोंदवलाय एवढी खात्री करा.

पायरी ३: खरेदीची घाई नको

पहिले दोन आठवडे उलटण्याआधी घेतलेल्या वस्तूंपैकी निम्म्या वस्तू चुकीच्या निघतात. लॅपटॉपचंच घ्या. कुठल्या शाखेला कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते विभागाच्या यादीत असतं, आणि त्यातली काही सगळ्या मशिनवर चालत नाहीत. यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर काढायचं सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनवलेलं आहे. ड्रॉइंगच्या ऑटोकॅडची मॅकवर चालणारी आवृत्ती आहे, पण तिच्यात विंडोजच्या आवृत्तीतलं सगळं नाही. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विद्यापीठाकडे परवाना आहे का ते विचारा. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना आपली बरीच सॉफ्टवेअर्स फुकट देते. प्रोग्रॅमिंगचं पायथन, गणितासाठी ऑक्टेव्ह, ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड, सर्किटसाठी कीकॅड तर सगळ्यांनाच मोफत आहेत. कॅल्क्युलेटरही थांबूनच घ्या, कारण परीक्षेत प्रोग्रॅम करता येणारा चालत नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. पुस्तकं आधी ग्रंथालयातून आणावीत आणि जे तीनदा आणावं लागलं तेच विकत घ्यावं. वर्कशॉपसाठी पाय पूर्ण झाकणारे भक्कम बूट मात्र पहिल्या दिवसापासून लागतात.

पायरी ४: पहिले सहा आठवडे, प्रश्न बदला

शाळेत पहिला येणारा मुलगा अशा वर्गात जाऊन बसतो, जिथे सगळेच कुठे ना कुठे पहिले आलेले असतात. वेळापत्रक नवं, खोलीतला सोबती नवा, शिकवण्याचा वेग दुप्पट. या दिवसांत घरची आठवण येणं, झोपेचं गणित बिघडणं, "इथे मीच सगळ्यांत ढ आहे" असं वाटणं हे सगळं होतं. बहुतेकांचं ते हळूहळू निवळतं.

तुम्ही फक्त प्रश्न बदला. "अभ्यास झाला का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि ते नेहमी हो असतं. त्याऐवजी विचारा: या आठवड्यात कुठली गोष्ट डोक्यावरून गेली? लॅबमध्ये काय बिघडलं? जेवायला कुणाबरोबर बसतेस? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण मला सगळ्यांत जास्त माहिती त्यातूनच मिळाली. दोन महिने झाले तरी उत्तरात एकही नाव येत नसेल तर गुणांची काळजी बाजूला ठेवून आधी तिकडे बघा. सबमिशनची तारीख, रद्द झालेलं लेक्चर, जुनी प्रश्नपत्रिका, यातलं बरंचसं मित्रांकडूनच कळतं. एकटं पडलेलं मूल अभ्यासातही मागे पडतं.

"सर कसे शिकवतात?" हे विचारून फार काही हाती लागत नाही, हे एक शिक्षक म्हणून सांगतो. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून वर्गातच प्रश्न सोडवून घेतले ती मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असं वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांचं उलट. त्यामुळे "सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात" अशी तक्रार आली तर लगेच मुलाची बाजू घेऊन पेटू नका.

पायरी ५: पहिली टेस्ट

इथे जरा थांबू, कारण पालकांचा तोल जातो तो इथेच.

नव्वदच्या घरातून एकदम चाळिशीत आलेले गुण बघून घरात दोन निष्कर्ष निघतात: मूल बिघडलं, किंवा मुलाची कुवतच नव्हती. बहुतेक वेळा दोन्ही चूक. अभ्यासाची जुनी रीत इथे चालत नाही, एवढंच झालेलं असतं. शाळेत सोडवलेलं गणित आकडे बदलून पेपरात येतं. इथे प्रश्नच नवा असतो. तिरक्या फळीवर ठोकळा शिकवला जातो आणि पेपरात येते भिंतीला टेकलेली शिडी. सूत्रं तीच असतात, पण कुठलं बल कुठे आणि कुठल्या दिशेने लागतं हे स्वतः कागदावर काढावं लागतं. त्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. माझ्या अनुभवात मेकॅनिक्समध्ये नापास होणाऱ्यांतले बहुतेक जण ही आकृती न काढताच समीकरणाकडे धाव घेतात.

आणि तरी "मला सगळं येत होतं" असं मुलं म्हणतात, ते खोटं नसतं. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, आणि पटणं म्हणजेच येणं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पुस्तक मिटून आठवून बघणारे त्यांना मागे टाकतात. आदल्या रात्री वाचलेलं टेस्टच्या सकाळपर्यंत टिकतं, सत्राच्या शेवटी उडून जातं.

मग करायचं काय?

पहिला दिवस: ऐका. ठरलंय तसं.

दुसरा दिवस: तपासलेली उत्तरपत्रिका मिळवायला सांगा. गुण बघून सोडून दिलेली उत्तरपत्रिका म्हणजे न वाचलेला रिपोर्ट. मुलाने प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहावं: कल्पनाच कळली नव्हती, कल्पना कळली पण गणित मांडता आलं नाही, आकडेमोड किंवा एकक चुकलं, की वेळ पुरला नाही. हे काम त्याचं आहे, तुम्ही उत्तरपत्रिका मागू नका. दाखवली तर बघा.

या चार कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. कल्पना कळली नसेल तर पुन्हा मागच्या धड्यावर, कधी कधी शाळेच्या पुस्तकापर्यंत मागे जावं लागतं. मांडता आलं नसेल तर अशीच न पाहिलेली पंधरा-वीस गणितं उत्तर झाकून करायची, आणि अडलं तरी वीस मिनिटं उत्तर उघडायचं नाही. वेळ पुरला नसेल तर घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचे.

आणि एककाची चूक? "मूर्खासारखी चूक केली" म्हणून मुलं तिला झटकून टाकतात. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचता पोचता गमावलं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. या क्षेत्रात मूर्खासारखी चूक असा वेगळा प्रकार नसतो. प्रत्येक ओळीत एकक लिहिण्याची सवय पहिल्या वर्षीच लागते.

इंजिनिअरिंगचं ओ की ठो कळत नसलं तरी तुम्ही एक गोष्ट करू शकता, आणि ती माझ्यासारख्या जाणकारापेक्षा तुम्हाला चांगली जमेल. मुलाला म्हणा, वही मिटून मला समजावून सांग, शिडी का घसरते? तुम्ही खरोखरच अडाणी असल्यामुळे "का?" हा प्रश्न खरा वाटतो. सांगता सांगता तो जिथे "ते असंच असतं" म्हणतो, तिथेच त्याला कळलेलं नसतं. ते त्याच्या लक्षात येतं, तुम्ही दाखवायची गरज पडत नाही.

पायरी ६: मदत मागायची कुणाकडे

खासगी क्लास हा पालकांचा पहिला उपाय असतो. माझ्या मते तो शेवटचा असावा. आधीच तास भरलेत, त्यात आणखी ऐकायचे तास घातले तर स्वतः सोडवायला वेळ उरत नाही. क्रम असा ठेवा: ट्युटोरियल न चुकवणं, मग शिक्षकांच्या भेटीच्या वेळा, मग सीनियर, मग तीन-चार जणांचा अभ्यासगट.

शिक्षकांकडे जायला मुलं घाबरतात. "मला काहीच कळत नाही" म्हणत आलेल्या मुलाला मलाही मदत करता यायची नाही. "हा प्रश्न इथपर्यंत सोडवला, या ओळीनंतर अडलो" असं म्हणणाऱ्याला पाच मिनिटांत वाट दाखवता यायची. हे वाक्य मुलाला शिकवून ठेवा.

तुम्ही स्वतः शिक्षकांना फोन करू नका. मला असे फोन यायचे, आणि त्यानंतर तो मुलगा वर्गात माझी नजर टाळायचा.

एक तारीख मात्र माहीत असू द्या. बऱ्याच विद्यापीठांत ठराविक दिवसापर्यंत विषय सोडता येतो किंवा बदलता येतो, नंतर तो निकालात नापास म्हणून लागतो. ती तारीख मुलाने कॅलेंडरमध्ये लावली आहे का, एवढं एकदा विचारा.

पायरी ७: उतरवलेलं जर्नल

दुसऱ्याचं जर्नल उतरवणं, मित्राचा प्रोग्रॅम नावं बदलून देणं, लॅबमधले आकडे घरी बसून 'जमवणं' हे पूर्वीही होतं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि उतरवायला मित्रही लागेनासा झाला. नैतिक व्याख्यान देऊन फारसं साधत नाही. हिशेब सांगा: असाइनमेंटचे गुण थोडे, आणि परीक्षेच्या खोलीत हे साधन नसतं. घरासाठी एक नियम पुरतो. आधी स्वतःचा प्रयत्न कागदावर, मग विचारणं. आणि जे दिलं ते व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ओळीने ओळ समजावता आलं पाहिजे. कुठल्या विषयात काय चालतं याचे नियम शिक्षकांगणिक बदलतात. ते लेखी वाचलेले बरे, कारण पकडलं गेल्यावर "सगळेच करतात" ही सबब चालत नाही.

पायरी ८: झोप आणि मन

रात्रभर जागून सबमिशन केल्याचा या शाखेत उगाच अभिमान असतो. प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुलं त्याला अपवाद नाहीत. झोप मोडलेल्या मुलाला चार ओळींचं गणितही धरून ठेवता येत नाही. उपदेश नको, पण सकाळी सहाला फोन करून त्याची राहिलेली झोप तुम्हीच मोडू नका.

मूल एखाद-दुसरा दिवस उदास असेल तर काळजी नाही. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, वर्गात जाणं थांबलं, जेवण-झोप पार बदलली, मित्रांना टाळणं सुरू झालं, किंवा "माझा कुणालाच उपयोग नाही" अशा धर्तीची वाक्यं येऊ लागली, तर वाट बघू नका. विद्यापीठाचा समुपदेशक, डॉक्टर, आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः जाऊन भेटा. मनात आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उत्तर हो आलं तर त्या क्षणापासून मुलाला एकटं ठेवू नका आणि लगेच तज्ज्ञाची मदत घ्या. सत्र, फी, वर्ष यांचं बोलणं तेव्हा बंद.

पायरी ९: "मला हे करायचंच नाही"

हे वाक्य बहुतेकदा पहिल्या नापास निकालानंतर येतं. त्यात दोन वेगळी दुखणी असू शकतात: विषय नकोसा झालाय, किंवा हरणं नकोसं झालंय. ओळखायचा एक ढोबळ मार्ग आहे. विचारा, यातला कुठला तास बरा जातो? प्रोग्रॅमिंगमध्ये रमतो पण ड्रॉइंगला वैतागतो, असं उत्तर आलं तर शाखा बदलण्याचा विचार करता येतो आणि त्याचे नियम पहिल्या वर्षीच बघून ठेवावे लागतात. एकही तास बरा जात नसेल आणि प्रवेशाचा निर्णय मुळात तुमचा असेल, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा. तब्येतीचा प्रश्न नसेल तर निर्णय सत्र संपेपर्यंत थांबवा. निकालाच्या दिवशी घेतलेले निर्णय टिकत नाहीत, तुमचेही आणि त्याचेही.

इंटर्नशिप, प्लेसमेंट, कुठला कोर्स वरून जोडावा, याची चर्चा पहिल्या वर्षी नको. एखादा क्लब, एखादी रोबोटची टीम जरूर असावी. हातात स्क्रू ड्रायव्हर आला की मॅट्रिक्स थोडी सुसह्य होते.

पायरी १०: पहिली सुट्टी

घरी आल्यावर पहिले काही दिवस झोपू द्या. पाहुण्यांसमोर गुण विचारू नका, दुसऱ्यांना विचारू देऊ नका.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात एक काम सुचवा. दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम काढायचा आणि प्रत्येक विषय पहिल्या सत्रातल्या कशावर उभा आहे त्याच्या पेन्सिलने खुणा करायच्या. साखळीतली कच्ची कडी तिथे दिसते, आणि ती सुट्टीतच दुरुस्त करता येते, कारण सत्र सुरू झालं की नवं थांबत नाही. माझ्या मुलीच्या यादीत चार गोष्टी निघाल्या. तीन येत होत्या, चौथी इंटिग्रेशन. रोज दहा गणितं करायचं तिनेच ठरवलं आणि "तू शेजारी बसायचं नाहीस" असंही तिनेच सांगितलं. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो, फारसं न वाचता. पाचव्या दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हे एक अडलंय."